रविवारी बघितलेली घरं

सोनांबेकर काकांनी बाथरूममधला नळ पूर्ण सोडला, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि बादली भरेपर्यंत काट्यावरची नजर हलवली नाही.

"एक मिनिट चाळीस सेकंद," शेवटी ते म्हणाले. "तिसऱ्या मजल्याला ठीक आहे. वरची टाकी बघता येईल का?"

गच्चीची किल्ली माझ्याकडे नव्हती. मी वॉचमनला शोधून किल्ली आणेपर्यंत काका स्वयंपाकघरात जाऊन उभे होते. ओट्याला पोट टेकवून, वितीने त्याची उंची मोजत होते.

"हिला जरा उंच होईल. पण चालेल. पायाखाली पाट ठेवता येतो."

मग त्यांनी कापडी पिशवीतून चौकटीची वही काढली आणि उभ्याउभ्या घराचा नकाशा काढला. दारं कुठे, प्लग कुठे, सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं. हॉलच्या खिडकीपाशी ते बराच वेळ थांबले. खाली सोसायटीच्या आवारात एक भलंमोठं बुचाचं झाड होतं, त्याचा शेंडा बरोबर त्या खिडकीशी आला होता.

"ह्याला वास असतो ना हो फुलांना?"

"असतो की. थंडीत तर सडा पडतो."

त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.

ही गोष्ट २०१८ च्या जानेवारीतली. तो फ्लॅट नाशिकला इंदिरानगरमध्ये होता आणि मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची, धंद्यात अगदी नवी एजंट होते. त्याआधी नऊ वर्षं मेन रोडवरच्या साड्यांच्या दुकानात काउंटरला उभी राहायचे. अंबडची ह्यांची कंपनी बंद पडली, मुलीचं कॉलेज तोंडावर आलं, आणि दुकानातल्या पगारात काही भागेना. पाथर्डी फाट्यावर बागूल भाऊंचं घरांच्या खरेदी-विक्रीचं ऑफिस होतं. त्यांच्या बायकोने माझ्याकडून पुष्कळ साड्या नेल्या होत्या. ती म्हणाली, "मंदाताई, नको असलेली साडी तुम्ही माझ्या गळ्यात मारता, तर हवं असलेलं घर का नाही विकता येणार तुम्हाला?"

बागूल भाऊंनी मला सगळं हाताला धरून शिकवलं. घर दाखवताना आपण आधी आत शिरायचं नाही, गिऱ्हाइकाला शिरू द्यायचं. मालकाची कागदपत्रं बघितल्याशिवाय कुणालाही पत्ता द्यायचा नाही. आणि टोकनचा, म्हणजे घर पक्कं करताना द्यायच्या पहिल्या रकमेचा, चेक हातात पडल्याशिवाय कुणासाठीही घर अडवून ठेवायचं नाही. एजंटांनी सरकारकडे नोंदणी करायची, असा कायदा नुकताच आला होता. भाऊ म्हणाले, "तुमच्या स्वतःच्या नावाने करा. कार्डावर नंबर असला की समोरचा जरा सरळ बोलतो." मुलीने रात्रभर बसून तो फॉर्म कॉम्प्युटरवर भरला. प्रमाणपत्र आलं तेव्हा ह्यांनी ते दोनदा वाचलं. लग्नपत्रिकेनंतर माझं नाव छापून आलेला तो पहिलाच कागद.

पण कागदाने घरं विकली जात नाहीत. सात महिने झाले, दोन खोल्या भाड्याने गेल्या, बाकी काही नाही. साडीवाल्या शेठचा निरोप आला होता, फेब्रुवारीत लग्नसराई आहे, यायचं असेल तर या. ह्यांनी स्वतःहून काही म्हटलं नाही. फक्त एकदा जेवताना विचारलं, "शेठला काय सांगायचं?" मी म्हटलं, जानेवारी संपू द्या.

काका आले ते डिसेंबरमध्ये, एका रविवारी. रविवारी भाऊंची सुट्टी असायची आणि ऑफिस मी उघडायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेल्या चपला. महापालिकेच्या पाणीखात्यात फिटर होते, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. दोन माणसांपुरतं घर हवं होतं. मूलबाळ नाही. त्यानंतर दर रविवारी अकरा वाजता ते यायचे आणि मी त्यांना एक घर दाखवायचे. वही भरली की म्हणायचे, "हिला सांगून बघतो." सोमवारी दुपारी फोन यायचा. सातपूरच्या घराला गॅलरीत ऊन नाही म्हणतेय. गोविंदनगरचं चांगलं आहे, पण देव कुठे मांडायचे म्हणतेय. मला त्यांच्या बायकोचं कौतुक वाटायचं. न बघता नेमकी खोट काढायची.

"काकूंनाही आणा ना एकदा," मी म्हणायचे.

"आणू. पक्कं झालं की आणू."

इंदिरानगरचा फ्लॅट हे आठवं घर. सोमवारी काकांचा फोन आला तो दुपारची वाट न बघता सकाळी नऊलाच.

"ताई, आवडलं हो तिला. रात्रभर तेच. तुम्ही ते धरून ठेवा. आठ दिवस. पुढच्या सोमवारी मी टोकन घेऊन येतो."

भाऊंनी शिकवलेलं मला आठवत होतं. तरी मी हो म्हटलं. माणूस तसा होता. आणि खरं सांगायचं तर भाऊंना मी ह्यातलं काही कळू दिलं नव्हतं. टोकन आलं की पेढ्यांचा पुडा घेऊनच त्यांच्यासमोर उभं राहायचं, असं मनात होतं. त्याच आठवड्यात दातांचे डॉक्टर नवरा-बायको ते घर बघायला आले. मी त्यांना सांगून टाकलं, ते गेलं.

शनिवारी सकाळी घरमालकाचा फोन आला. त्यांची बदली जळगावला झालेली, घाईत होते. दुसऱ्या एका एजंटाने गिऱ्हाईक आणलं, चेक दिला, व्यवहार झाला. "तुमच्या माणसाने सहा दिवसांत एक रुपया दिला नाही हो ताई, मी किती थांबायचं?" गिऱ्हाईक कोण, म्हणून विचारलं. तेच डॉक्टर नवरा-बायको.

आता भाऊंना सांगणं भाग होतं. मी नाव घेतलं तसे ते खुर्चीत मागे रेलले.

"सोनांबेकर? पांढरा शर्ट, हातात वही? अहो मंदाताई, मला एका शब्दाने विचारायचंत. दोन वर्षं हा माणूस सगळ्या नाशिकच्या एजंटांना फिरवतोय. निवृत्तीचे सगळे पैसे एका स्कीममध्ये घातले. बिल्डर परागंदा झाला. तिकडे आडगावच्या पुढे नुसते खांब उभे आहेत. त्याच्याकडे टोकनला द्यायला पाच हजार नाहीत."

"मग घरं कशाला बघतो?"

"आता काय सांगायचं! डोक्यावर परिणाम झाला असेल. आमच्यातलं कुणी त्याला दारात उभं करत नाही. तुम्ही नव्या, तुमच्याकडे आला."

काकांचा पत्ता नोंदवहीत होता. देवळाली गाव, गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी. मी स्कूटर काढली. वाटेत मी त्यांना काय काय बोलणार होते ते सगळं जुळवत होते. रविवार वाया घालवलेत, पेट्रोल वाया घालवलंत, ते एक वेळ सोडा. पण माझ्या तोंडचं पहिलं घर काढून घेतलंत. आता सोमवारी मी शेठच्या काउंटरला जाऊन उभी राहते, तुम्ही आणखी कुणाला तरी शोधा.

एकच खोली होती. दार नुसतं लोटलेलं.

"कोण आहे?" आतून बाईचा आवाज आला. मी नाव सांगितलं.

"अगं बाई! मंदाताई? घरांच्या? या, या. कडी नाहीये, ढकला."

भिंतीला लागून खाट, खाटेवर काकू. विमल त्यांचं नाव, ते मला काकांच्या बोलण्यातून माहीत होतं. बाकी काहीच माहीत नव्हतं. उशीवर उंच केलेलं डोकं, नीट घातलेली वेणी, आणि पांघरुणावर एकच हात. दुसरी बाजू अर्धांगाने गेलेली होती. काका हार्डवेअरच्या दुकानावर गेले होते. दुपारी चार तास तिथे पाइपांच्या पावत्या लिहायचे.

"पत्र्याच्या पेटीवर बसा. तुम्हाला बघायची किती इच्छा होती हो मला. उद्या हे तुमच्याकडे येणारच आहेत ना. परवा टोकन." काकूंचा चेहरा नुसता फुलला होता. "मी ह्यांना म्हटलं, आता दुसरं काही दाखवू नका. ते झाड खरंच खिडकीला लागलंय का? हे कधी कधी वाढवून सांगतात."

"लागलंय."

"मला खाट तिथेच टाकायची आहे. दोन वर्षं होऊन गेली, ही भिंत बघतेय." त्यांनी चांगल्या हाताने भिंतीवर थाप मारली. खोलीची खिडकी डोक्यामागे होती, पडल्यापडल्या त्यांना ती दिसण्यासारखी नव्हती. "भांडी कुठे, देव कुठे, सगळं ठरवलंय मी. फक्त ओटा उंच आहे म्हणाले. तर मी म्हटलं, स्वयंपाक तुम्हीच करणार, तुम्हाला कुठे उंच होतोय?"

आणि त्या हसल्या.

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पाणी पिऊन, बरंय म्हणून उठायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर शेठचं काउंटर होतं. मी म्हटलं, "ते घर गेलं, काकू. आज दुसऱ्यांनी घेतलं."

"गेलं?" मग मलाच धीर द्यावा तशा म्हणाल्या, "जाऊ द्या. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. दुसरं मिळेल. घाई कशाला, पैसे बँकेत आहेत. आडगावच्या बिल्डरने सगळे परत केले ना, तेव्हापासून ह्यांनी हात लावला नाही त्यांना."

"कुणी परत केले?"

"बिल्डरने."

"काकू, त्याने कुणालाच काही परत केलेलं नाही. तो पळून गेलाय. तिथे नुसते खांब उभे आहेत. काकांकडे पैसे नाहीत. सगळ्या एजंटांना माहीत आहे, मलाच नव्हतं."

मी हे इतक्या भराभर बोलले की माझं मलाच शेवटी ऐकू आलं.

गिरणीचा आवाज येत होता. काकू माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या. त्यांनी पांघरुणाची कड बोटांनी चाचपली, एकदा, पुन्हा एकदा.

"काहीच नाही दिले?"

"नाही."

"मग एवढी घरं..." त्या म्हणाल्या. मग विचारलं, "चहा करून घेता का? साखर वरच्या फळीवर आहे."

मी नको म्हटलं. उठले तेव्हा त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं.

"एक करा. मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. तुम्ही इथे आलाच नव्हतात. रविवारी घर बघून येतात ना, तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा असतो हो. आठवड्यातून तेवढाच एक दिवस असतो. शब्द द्या मला."

मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काका ऑफिसच्या दारात उभे. आत आले नाहीत. मी घर गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी मान खाली घातली.

"ताई, मी तुमच्याशी खोटं बोललो. टोकन द्यायला माझ्याकडे काही नव्हतं." आणि मग त्यांनीच सगळं सांगितलं. स्कीम, बिल्डर, खांब. त्या धक्क्याने काकूंना काही होऊ नये म्हणून पैसे परत आल्याचं सांगितलं. पण घर नाही झालं ह्या काळजीनेच त्यांना अर्धांग झालं. मग एकदा सहज ते एक घर बघून आले आणि त्यांना त्याचं वर्णन करून सांगितलं. दोन महिने न बोललेली बाई त्या रात्री बोलली.

"पण आठ दिवस धरून ठेवा, असं का म्हणालात?"

"तिला फारच आवडलं होतं. तिने विचारलं, पक्कं ना? मी हो म्हणून बसलो. निदान आठ दिवस तरी ते घर दुसऱ्या कुणाचं नसावं, असं वाटलं." मग त्यांनी वर बघितलं. "तुमचं नुकसान केलं मी. आता पुन्हा येणार नाही. फक्त हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका. तिला कळलं तर ती उरायची नाही."

मला वाटलं, आता बोलावं. पण मी टेबलावरच्या किल्ल्यांचा जुडगा घेतला.

"चला काका. कामटवाड्याला एक आहे, दोन खोल्या, पूर्वेचं दार."

साडीच्या दुकानात मी गेले नाही. मार्चमध्ये माझा पहिला व्यवहार झाला. नोंदणी कचेरीत सही करताना विकणारी बाई रडली आणि घेणारा माझ्या पाया पडायला वाकला. भाऊंनी पेढे आणले. ह्यांनी त्या रात्री शेठला फोन करून, ती आता येणार नाही, असं कळवलं. सगळं मनासारखं झालं होतं आणि माझ्या वाटचा पेढा मी तसाच पुड्यात परत ठेवला.

दर रविवारी मी काकांना घर दाखवत राहिले. भाऊ चिडायचे, मग त्यांनी नाद सोडला. काका पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबायचे. दाराला कडी कसली आहे, शेजारी कोण राहतं, जिन्यात दिवा आहे का, सगळं लिहायचे.

"हल्ली तिला काय झालंय कळत नाही," एकदा ते म्हणाले. "मी सांगतो, ती ऐकते. बरं म्हणते. छान आहे म्हणते. पण विचारत नाही हो काही. आधी नुसती सरबत्ती असायची. देव कुठे, कपडे कुठे वाळत घालायचे. आता मी संपवलं की डोळे मिटून घेते."

"थकत असतील."

"मीच नीट सांगत नसेन." पुढच्या रविवारी त्यांनी रंगीत पेन्सिली आणल्या होत्या. खिडक्या निळ्या, दारं तांबडी.

मे महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. "एखादा बंगला दाखवाल? बाग असलेला. नुसता बघायला. तिला काहीतरी वेगळं सांगून बघतो."

गंगापूर रोडला एक होता, मालक परदेशात. मी किल्ली मिळवली. काका दीड तास त्या बागेत फिरले. मोगऱ्याचे वाफे मोजले, झोपाळ्याची लांबी पावलांनी मोजली. निघताना झोपाळ्यावर जरा बसले, आणि कुणी बघितलं तर म्हणून लगेच उठले. वहीची सहा पानं भरली होती.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानदाराकडून कळलं, काकू गुरुवारी गेल्या. झोपेतच.

मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. खाट बाहेर काढून उभी करून ठेवली होती. काका जमिनीवर सतरंजी टाकून बसले होते. शर्टाला इस्त्री नव्हती.

"या ताई. घर सापडलं का? गल्ली जरा अडचणीची आहे."

"सापडलं."

"बसा." मी नकळत त्या पत्र्याच्या पेटीकडे वळले आणि तिथेच थांबले. मग त्यांनी दाखवलं तिथे, सतरंजीच्या कडेला बसले. त्यांनी माठातलं पाणी दिलं.

"बंगल्याचं सांगितलं मी तिला," ते म्हणाले. "बाग, झोपाळा, सगळं. तिने माझा हात धरला. म्हणाली, दमलात तुम्ही, आता पुरे. एवढंच. त्यानंतर घराचा विषय तिने काढू दिला नाही." बराच वेळ ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. "शेवटचे तीन-चार महिने ती माझ्यावर कशाने तरी नाराज होती. काय चुकलं ते कळलंच नाही. विचारलं तर म्हणायची, काही नाही. तुम्ही बाईमाणूस आहात, तुम्हाला कळेल. काय झालं असेल हो?"

मी शब्द दिला होता. आज सात वर्षं झाली, माझं स्वतःचं ऑफिस आहे, दोन मुली हाताखाली शिकतात, आणि तो शब्द मी पाळला ते काकूंसाठी की स्वतःला वाचवण्यासाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

"नाराज नसणार, काका. लांबलेल्या दुखण्यात माणूस अबोल होतं."

"असं म्हणता?"

"हो."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी थोडं खाली उतरलं असावं. शर्टाच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले.

"बरं वाटलं तुम्ही सांगितलंत. ती तुमचं नाव फार घ्यायची आधी. मंदाताईंना एकदा बोलवा, मला बघायचंय त्यांना, म्हणायची. मीच टाळलं, खोटं उघडं पडेल म्हणून." ते माझ्याकडे बघून कसेबसे हसले. "तुमची आणि तिची गाठ पडायला हवी होती, ताई. तुम्ही बोलला असतात तिच्याशी, तर मन रमलं असतं तिचं."

माझ्या हातातला पेला तसाच भरलेला होता.

"हो काका," मी म्हणाले. "यायला हवं होतं मी."